पायरीवरचा नळ

बाबा वारले त्या दिवसापासून अंगणातला नळ गळत होता, आणि आई तो बदलू देत नव्हती. शेवटी मी प्लंबर आणलाच. त्याने मेन व्हॉल्व्ह आणि नळ, दोन्ही नवे बसवले.

काढलेला नळ पायरीवर ठेवला, तर तो तिथेही गळत राहिला.

"उरलंसुरलं असेल हो आत," प्लंबर म्हणाला.

आईने खाली बादली लावली. ती अर्धी भरल्यावर प्लंबर म्हणाला, "जुना माल मजबूतच असायचा."

मी वाकून त्या नळाची चावी घट्ट पिळली. थेंब थांबले.

घरात आम्ही दोघंच राहतो आणि दोघंही अंगणात होतो. तरी बाथरूममधून बाबा ओरडले, "पाणी कोणी बंद केलं रे?"

"उघड लवकर," आई म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांत साबण जातो."