गाळणी कुणाची

सत्काराच्या हस्तांदोलनात डॉ. खांडेपारकरांचा कृत्रिम हात प्रमुख पाहुण्यांचा हात धरून तसाच गोठला. दुसऱ्या हाताने त्यांनी विदुलाला फोन लावला.

"अगं, हात सुटत नाहीये! ‘गाळणी’ सापडत नाही म्हणतो."

"सापडेल कशी, सर? मी मघाशीच नेटवरून काढून टाकली."

नसांच्या संदेशांतला गोंगाट काढणारी ‘गाळणी’ ही चिमुकली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम नेटवरून उचलून वापरतात तसा कोडचा तुकडा, विदुलाने सरांच्या प्रयोगशाळेत असताना लिहिली होती. सरांनी तिच्यावरचं विदुलाचं नाव पुसलं, आणि आज तिच्यावर चालणारा हात बनवल्याबद्दल त्यांना शाल मिळत होती.

"परत ठेव, बाई. पाहुणे घामाघूम झालेत."

"ठेवते की. आधी माइकवर सांगा, गाळणी कुणाची ते. मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

ती टीव्हीसमोर मांडी घालून बसली. सर माइककडे वळले, त्यांच्यामागे पाहुणेही फरपटत वळले. तेवढ्यात तिचे कृत्रिम कान नेहमीसारखे अपडेट व्हायला गेले आणि बंदच पडले. आपले कान कुठल्या लायब्ररीवर चालतात आणि ती पुढे कुणावर, हे तिने कधी तळापर्यंत जाऊन पाहिलंच नव्हतं. तळाशी गाळणीच होती.

पडद्यावर सरांचे ओठ हलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाळणी परत ठेवली तर कान चालू होतील, पण सरांचा हातही सुटेल. आणि हात सुटलेले सर तिला चांगलेच ठाऊक होते.

तिने निरोप टाइप केला, "ऐकू आलं नाही, सर. परत सांगा."