चौथं पान

तिसऱ्या भिंतीपाशीही वच्छलाबाईंनी चपला काढल्या.

“आई, हे काही देऊळ नाही,” प्रणाली म्हणाली.

वच्छलाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अमरावतीच्या परकोटातली, जुन्या तटाच्या आतली, ती अरुंद गल्ली. समोरच्या भिंतीवर भाकरी थापणारी एक बाई रंगवलेली होती. वच्छलाबाई तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हत्या. त्या पाहत होत्या तिच्या डाव्या हाताकडे. मनगटाच्या वर तुळस गोंदलेली होती. उजवीकडे चार पानं, डावीकडे तीन.

त्यांनी बांगड्या मागे सारून आपला हात पाहिला. हीच तुळस, आणि हीच तीन पानं.

तेल्हाऱ्याला, त्यांच्या माहेरच्या जत्रेत, गोंदणारी म्हातारी बसायची. समोर पोरींची ही लांब रांग, म्हातारी एका डोळ्यानं अधू, आणि हात मात्र भरभर चालायचा. कुणाच्या तुळशीला पान जास्त, कुणाच्या कमी; वच्छलाबाईंच्या वाट्याला एक कमी आलं. सासूनं त्यावरून बरीच वर्षं नाक मुरडलं. मुलाला, शुभमला, मात्र ती तुळस फार आवडायची. तो लहानपणी आईच्या हाताशी झोपायचा, पानं मोजायचा आणि बॉलपेननं चौथं पान काढून द्यायचा. सकाळी भाजी धुताना ते पुसलं जायचं. संध्याकाळी तो पुन्हा पेन घेऊन बसायचा.

तोच शुभम एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेला. त्यानं गोठ्याच्या भिंतीवर चित्रं काढली होती आणि भगवंतरावांनी, त्याच्या बापानं, त्यांवर चुना फासला होता. एवढ्याशा कारणावरून कुणी घर सोडतं का, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय जातं म्हणायला.

येत्या अमावास्येला त्याला जाऊन बारा वर्षं पुरी होत होती. बारा वर्षं पत्ता नसला की माणूस गेला असं धरतात. दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. भगवंतरावांनी गुरुजींना सांगून ठेवलं होतं. अकोल्याला, जठारपेठेतल्या त्यांच्या भाजीच्या दुकानात ते हे बोलले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. वच्छलाबाई मेथी गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं फाडत होत्या. त्यातल्याच एका पानावर अमरावतीच्या जुन्या वस्तीतल्या रंगवलेल्या भिंतींचा फोटो होता, आणि त्या फोटोत त्यांना स्वतःचा हात दिसला.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन त्या पहिल्याच बसनं निघाल्या. या तिसऱ्या भिंतीपाशी मात्र प्रणालीला राहवेना.

“तोंड पाह्य ना आई. हे नाक तुझं हाये का? हनुवटीवर तीळ हाये. तुले कुठं तीळ हाये?”

“बारा वर्सं झाले बाई. तोंड इसरला असन. हात नाही इसरला.”

“पन दादानं काढलं असतं तर चौथं पान काढलं असतं.”

हे तिनं हळूच म्हटलं, तरी आईला लागायचं ते लागलंच. वच्छलाबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि पुढच्या गल्लीला लागल्या.

तिथल्या भिंतीवरची बाई कापूस वेचत होती. त्याच्या पुढच्या भिंतीवर तीच बाई संत्री सोलत होती. तीळ तोच, तुळस तीच. समोरच्या ओट्यावर इंदूबाई नावाची एक म्हातारी वाती वळत बसली होती. तिनं सांगितलं की पेंटर कुणाशी फार बोलत नाही, आणि भिंत मागताना अट एकच, की चित्रात हा हात असणार.

“पन येते कुठून? राह्यते कुठं?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“ते नाही माहीत. डोक्याले-तोंडाले फडकं बांधते, पँट-शर्ट घालते, अन् गल्लीतून कोनी म्हातारी बाई चालली का ब्रश थांबवून तिच्याकडं पाह्यत बसते. एक दिवस मीच इचारलं, कोनाले पाह्यतं म्हून. लेकरू मायची वाट पाहून राह्यलं हो. आज खिडकीपाशी काम चालू हाये.”

खिडकी म्हणजे परकोटातला लहान दरवाजा. तो तिथून दोनच गल्ल्यांवर होता. वच्छलाबाईंच्या चपला भिंतीपाशीच राहिल्या. इतका वेळ शंका काढणाऱ्या प्रणालीनं त्या मुकाट्यानं उचलल्या आणि ती आईमागे धावली.

खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर जात्यावर बसलेली बाई अर्धी रंगवून झाली होती. पेंटर पाठमोरा उकिडवा बसला होता. ब्रश तिसऱ्या पानावर होता. वच्छलाबाईंनी हाक न मारता बांगड्या मागे सारल्या आणि आपला हात भिंतीवर, त्या रंगवलेल्या हाताशेजारी ठेवला.

ब्रश थांबला.

रंगानं माखलेल्या बोटांनी त्यांचं मनगट धरलं. बोटं एकेका पानावरून फिरली. एक, दोन, तीन. तिथं ती थांबली. मग फडकं बांधलेलं कपाळ त्या हातावर टेकलं आणि पाठ गदगदून हलू लागली. वच्छलाबाईंनी दुसरा हात त्या पाठीवरून फिरवला. बारा वर्षांचं रडू त्यांनाही आवरेना. चपला खाली टाकून प्रणालीनं बापाला फोन लावला.

“माय,” फडक्याआडून घोगरा आवाज आला. “दोन वर्सं झाले. कुठं गेलती? तुले दिसावं म्हणून एक भिंत नाही सोडली गावातली.”

प्रणालीचा फोन कानाशीच राहिला.

फडकं खाली ओढून पेंटरनं मान वर केली. पंचविशीतली मुलगी होती ती. हनुवटीवर तीळ होता. तिनं वच्छलाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

“हात तर माह्या मायचाच हाये,” ती म्हणाली. “तुमी कोन?”