वीतभर जागा

घामाचा थेंब शिवकन्येच्या नाकावरून सुटला आणि सरळ हँडलच्या मधोमध पडला. सपाटीवर तो वाऱ्यानं मागे उडतो. गडाच्या चढणीवर वेग इतका कमी होतो, की थेंब आपला सरळ खाली येतो. सगळ्यात हलका गियर टाकून झाला होता. आता तोही जड लागत होता.

शेवटच्या वळणावर तिचा पाय नेहमी जमिनीला टेकायचा. आज टेकवायचा नव्हता. वर पारावर आईवडिलांबरोबर मुकादम मुंजाजी बसला होता. दसरा झाला की त्याच्या टोळ्या ऊसतोडीला निघणार होत्या. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, तिलाच कोयता म्हणतात. मुंजाजीच्या पुतण्याला जोडी नव्हती आणि शिवकन्येला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. उन्हाळ्यातल्या आखाजीच्या सणापासून तो तिला मागणी घालत होता. वडील, बबनराव, म्हणायचे, "तिच्या आईला विचारा." आई, भिवराबाई, म्हणायची, "बघू." लग्न ठरलं, की क्रीडाशिक्षकांनी वापरायला दिलेली ही रेसची सायकल परत जाणार होती.

वळण आलं. मांड्या पेटल्या. पुढचं चाक डगमगलं. तिनं आईचं सांगणं धरून ठेवलं. "वर बघू नको. फुडची वीतभर जागा बघ." आईनं जन्मात सायकल चालवली नव्हती. हे तिला कुठून कळलं, ते शिवकन्येनं कधी विचारलं नव्हतं.

वीतभर डांबर. आणखी वीतभर.

मग पॅडल एकदम हलकं झालं. वळण मागे राहिलं होतं. ती सीटवरून उठली, उभ्यानं पॅडल मारत पारापर्यंत आली आणि तिथंच पाय खाली टेकवला.

मुंजाजी हसला. "वहिनी, पोरीच्या पायात लई दम हाय. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात पळत चढंल. आता कशापायी थांबता?"

भिवराबाईनं लेकीला पाण्याची बाटली दिली. लेकीच्या पोटऱ्या अजून थरथरत होत्या. भिवराबाईची नजर त्या पोटऱ्यांवरच होती.

"ती फळी मी चढले, भावजी," ती म्हणाली. "ही पोटात होती तवा बी चढले. फुडची वीतभर जागा बघत. तुमी दुसरीकडं पोरगी बघा. हिचं लगीन न्हाई करायचं."