पातूरला विकलेली गाडी

बॉनेट थंड होतं. मनोजने तळहात ठेवून खात्री केली आणि अंगणात जुनी चादर अंथरून तिच्यावर दुरुस्तीचे पाने मांडले. थंड गाडीचंच दुखणं शोधायचं होतं, म्हणून तो अकोल्याहून पहिल्या बसने पातूरला आला होता.

महिन्यापूर्वी ही गाडी त्याचीच होती. पंधरा वर्षांची, सकाळी सुरू व्हायला रडणारी. तीन गॅरेजवाल्यांनी तीन रोग सांगितले आणि रोग तसाच राहिला. शेवटी त्याने ती विकायला काढली. पातूरचा शेखर, भाजीपाला पिकवणारा, बघायला येणार होता त्या सकाळी मनोजने शेजाऱ्यांकडून धक्का मारून घेतला आणि अर्धा तास फिरवून इंजिन गरम करून ठेवलं.

शेखरने एकच प्रश्न विचारला. "सकायी लवकर चालू होते का?"

"हात लावला की होते," मनोज म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, सीमाने, हे ऐकलं आणि ती आत निघून गेली.  ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मग गेल्या आठवड्यात पातूरचा एक ओळखीचा माणूस बाजारात भेटला. "तुई ते गाडी रोज सकायी अर्धा अर्धा घंटा वरडते ना बे. सारी गल्ली आयकते."

मनोज भाजी न घेताच घरी परतला होता.

आज शेखर घरी नव्हता, बाजाराला गेला होता. त्याची बायको गीतांजली दारात आली. "राहू द्या ना भाऊ. आमाले तशीच चालते. हे आले की त्याइच्याशी बोला."

"चालत नाई ना वहिनी, म्हणून तं आलो."

तिने ओट्याकडे पाहिलं. तिथे तिचे सासरे नत्थुजी खाकी शर्ट घालून बसले होते. तिला काहीतरी सांगायचं असावं, पण न सांगता ती विळा घेऊन मागच्या वावरात पालक कापायला गेली.

किल्ली गाडीलाच होती. असली गाडी नेणार कोण, मनोजच्या मनात आलं. खिडकीतून चार्जरची वायर बॅटरीपर्यंत आलेली होती, म्हणजे बिचारे रोज बॅटरी चार्ज करत होते. विकल्यापासून गाडी पस्तीस किलोमीटर चालली होती, अकोला ते पातूर, तेवढीच. त्याचे कान तापले. शेखर यायच्या आत काम उरकायचं आणि त्याच्या तोंडाकडे न बघता निघून जायचं, असं त्याने ठरवलं.

आधी फुकटात तपासता येईल ते तपास, असं त्याला काल अकोल्यातल्या ओळखीच्या जानराव मिस्त्रीने सांगितलं होतं. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. टर्मिनल घासून झाले. प्लग काढून पाहिला, ठिणगी निळी होती. पण प्लग कोरडा होता. इतका सेल्फ मारूनही पेट्रोलचा वास नव्हता.

त्याने नुसती किल्ली फिरवली आणि मागच्या सीटला कान लावला. पंप कण्हला आणि गप्प झाला. म्हणजे थंड असताना पेट्रोल पुढे ढकलायची ताकदच त्याच्यात उरली नव्हती. जानरावला हाच संशय होता. भंगारातल्या गाडीचा चालू पंप त्याने मनोजच्या पिशवीत टाकून दिला होता.

तीन गॅरेजवाल्यांपैकी एकानेही मागची सीट उचलली नव्हती. मनोजने उचलली.

नत्थुजी ओट्यावरून उतरून जवळ आले. "निंगन का आज?"

"निंगन, बाबाजी."

"दहाची अमरावती हाय."

"मले अकोल्याले जायचं हाय."

मनोजचंच काहीतरी चुकलं असावं अशी नत्थुजींनी मान हलवली आणि ते तिथेच उभे राहिले.

पंप बसवून त्याने सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू झाली. ती बंद करून, किल्ली गाडीलाच ठेवून, पाने पिशवीत भरून तो निघणार, इतक्यात फाटकात शेखरची मोटरसायकल शिरली. शेखरने त्याला हाताला धरूनच आत नेलं आणि स्वतः चहा मांडला.

मनोजने कप हातात घेतला. "शेखरभाऊ, मी खोटं बोललो होतो. तुमी यायच्या आधी मी गाडी गरम करून ठेवली होती."

"मालूम हाय. बॉनेटवर हात ठेवला होता मी."

"मंग घेतली काहून?"

शेखरने आवाज खाली आणला. "आमचे बाबा बसवर डायवर होते. आता डोक्यातून सारं गेलं, ड्युटी तेवढी रायली. किल्ली लपवली तं रस्त्यावर जाऊन कोनाच्याही गाडीत बसतेत. मागच्या साली पावन्याची जीप घेऊन घाटात गेले, उलट्या बाजूनं. समोरून ट्रक. वायर काढून ठेवली तं पाच मिनिटात जोडतेत. तुमच्या गाडीचा रोग मात्र त्याइले सापडत नाई. सेल्फ मारतेत, थकतेत, आन गाडी नादुरुस्त हाय म्हणून जेवाले येतेत."

त्याने मान खाली घातली. "गल्लीत कोनाले सांगतलं नाई, लाज वाटते. तुमालेई तवा खरं बोललो नाई. माफ करजा."

मनोजने कप खाली ठेवला. तो तोंड उघडणार तेवढ्यात अंगणात सेल्फ वाजला, इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं आणि गाडी फाटकाकडे वळल्याचा आवाज आला.