सातबाऱ्यावरची भिमा

“नाव जुळत नाही, आजी.” फॉर्म भरून घेणाऱ्या प्रगतीनं लॅपटॉपमधून मान वर न करता सांगितलं. “सातबाऱ्यावर भिमाबाई खलाटे. आधारवर यशोदा लोंढे. या दोघी एकच, असं मी कुणाच्या जिवावर लिहू?”

 हेच वाक्य ऐकायला यशोदा लासुर्ण्याहून सांगवीच्या चावडीवर तिसऱ्यांदा आली होती, एसटी बदलून, कडेवरच्या लेकरासारखी कागदांची पिशवी सांभाळत. शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर ना नुकसानभरपाई, ना विमा, ना ठिबकचं अनुदान. मे महिन्यातल्या पावसात ओढा तिच्या वीस गुंठ्यांत शिरला. टोमॅटो नेले, ठिबकच्या नळ्या नेल्या, वर हातभर मातीही नेली. पंचनामा झाला होता. फोटोत ती स्वतः त्या चिखलात उभी होती. पण फोटोला नाव लागतं, आणि भरपाईची यादी आज संध्याकाळी बंद होणार होती.

नावं दोन्ही तिचीच. बापानं भिमा ठेवलं. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘यशोदा’ लिहिलं आणि भिमा तिथंच संपली. तिला कुणी विचारलं नाही. तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. पुढं बापानं मरायच्या आधी लेकीला सांगवीतले वीस गुंठे दिले. तलाठ्यानं पोरीचं नाव विचारलं, म्हाताऱ्याच्या तोंडात होतं ते त्यानं सांगितलं. पुढं बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. नुसतं भिमाबाई खलाटे. आता हे सगळं कॉम्प्युटरला कोण समजावणार? तो काही लग्नाला आला नव्हता.

नवरा गेल्यावर लासुर्ण्यात तिच्या नावावर चूलसुद्धा उरली नव्हती. या वीस गुंठ्यांवर ती जगत होती. माती भरून घेतली नाही तर पुढच्या हंगामात तिथं कुसळही उगवणार नव्हतं.

“शाळेचा दाखला?” “शाळाच न्हाय, बाई.” “लग्नपत्रिका?” “न्हाय.” भटजी गेले, मामा गेले, करवल्याही गेल्या. भिमा म्हणून हाक मारणारी माणसं एकेक करून संपली होती.

तलाठी विशाल माणूस बरा होता. त्यानं सकाळीच सांगितलं होतं, “लहानपणापासून ओळखणारा एक साक्षीदार आणा. जबाब घेतो, माझ्या सहीनं पुढं सरकवतो.”

असा एकच उरला होता. धाकटा भाऊ, नारायण. पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. तरी यशोदा त्याच्या दारात गेली. गरजवंताला अक्कल नसते, मानही नसतो. नारायणनं सगळं ऐकून घेतलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि मुकाट तिच्यामागून चालत आला.

“तात्या, या कोण?” विशालनं विचारलं.

“माजी थोरली अक्का.”

“अक्का हे नाव नाही. नाव सांगा.”

 नारायणनं टोपी काढली, परत घातली. खाली बघत राहिला.  भाऊ फिरला, यशोदाला वाटलं. जमिनीपुढं बहीण कुठली! आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. सगळ्या चावडीसमोर तिनं पाठच्या भावापुढं हात जोडले.

“नारायणा, पाया पडते तुज्या. एकदा बोल.”

“भिमा,” तो कसाबसा पुटपुटला. कानशिलं लाल झाली होती त्याची.

यशोदाला रडू फुटलं. कितीतरी वर्षांनी तिला कुणीतरी भिमा म्हटलं होतं. विशालनं जबाबावर सही केली. प्रगतीनं गट नंबर टाकला, बटण दाबलं आणि तशीच थबकली.

“सर, हा गट आधीच दुसऱ्या ओळख क्रमांकाला जोडलेला आहे. गेल्या महिन्यात. भिमाबाई नारायण खलाटे.”

नारायणनं दचकून वर पाहिलं. “ती माजी मंडळी हाय, सायेब. तिच्या नावावर येगळा अर्धा एकर हाय आमचा. नंबराच्या कॅम्पात इचारलं, भिमाबाई खलाटे तुमीच का? ती व्हय म्हणली. तितं दोन गट दिसलं, त्यांनी दोन्ही लावलं. आमाला काय वाचता येतंय?”

“काढता येईल,” विशाल म्हणाला. “तहसीलला अर्ज करा, सुनावणी होईल. दोन-चार महिने जातील.”

“आन् यादी?” यशोदानं विचारलं.

“यादी आजच बंद होतीय, आजी.”

 सकाळपासून धावून धावून तिनं भिमा शोधून आणली होती, आणि सरकारकडं एक भिमा आधीच हजर होती. सरकारला तेवढी पुरे होती.

काही करता येत नाही म्हटल्यावर माणूस चिडतो, तसा विशाल चिडला. “अहो, लग्नात नणंदेचं नाव कुणी भावजयीला ठेवतं का? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

नारायणनं अक्काकडं पाहिलं आणि मान फिरवली.

“माज्याच,” यशोदा म्हणाली. “माजं लगीन झाल्यापासनं आई दिवस कलला की दारात उभं राहून ‘भिमे, भिमे’ करायची. म्हटलं, कुणीतरी ओ द्यावी तिला.”