एका बोटाचं काम

“ह्याला काढा,” बाई म्हणाल्या. फोटोत चुकून आलेल्या बादलीबद्दल बोलावं, तशा.

फोटोत त्यांची मुलगी सोफ्यावर बसली होती. स्थळांना पाठवायला तिचा हाच फोटो चांगला आला होता. पण तिच्या खांद्यावर मान टाकून थोरला भाऊ हसत होता. वय तिशीचं, हसू चार वर्षांच्या पोराचं. तो आत्ताही आईबरोबर आला होता आणि माझ्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसून माझ्या बोटांकडे टक लावून बघत होता.

“त्याला बघून लोक मागे फिरतात हो. एकदा ठरू दे, मग सांगू.”

पूर्वी फोटोतून माणूस काढायचा तर माउसने कडा कोरण्यात अर्धा तास जायचा. तेवढ्यात गिऱ्हाइकाला थोडी लाज तरी वाटायची. आता टॅबवर त्याच्या गालाला बोट लावलं, तर मशीनने केसांसकट अख्खा माणूस अचूक निवडला. ‘काढा’ला बोट लावलं, तो गेला. त्याच्या जागी मागचा पडदा आला, चुण्यांसकट.

“अगं बाई, कळतसुद्धा नाही!” त्या खूश झाल्या.

मला किळस आली. त्यांची आलीच, त्याहून जास्त माझ्या बोटाची.

“मी कुठंय?” तो उठून जवळ आला. मग मी केलं होतं तसंच त्यानं रिकाम्या जागेला हळूच बोट लावलं आणि वाट बघितली.

मशीनने पडदा निवडला.