आजोबांचं नाव

"स्वरूप? ह्ये काय नाव झालं?" आनंदरावांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "पोरीचं वाटतंय. पोराला कसं भारदस्त नाव पायजे."

मांडीवरच्या बाळाला थोपटणारा अश्विनीचा हात थांबला. आनंदराव गावचे माजी सरपंच. बाळ बघायला म्हणून आले होते. बाळाकडे एकदा बघितलं न बघितलं, आणि नावाकडे वळले.

आल्यापासून हेच चाललं होतं. भाटघरला माहेरी बाळंतपण करून सव्वा महिन्यानं ती सासरी मार्गासनीला आली, तेव्हा शेजारच्या बाळाबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि त्याच दमात नाव विचारलं. स्वरूप म्हटल्यावर नाक मुरडलं. तिचा नवरा सोमनाथ पाळण्याची दोरी आणायला वेल्ह्याच्या बाजारात गेला, तर दुकानदारानं दोरीबरोबर दोन नावंही बांधून दिली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! नऊ महिने पोटात वागवलं हिनं, कळा सोसल्या हिनं, आणि नाव ठेवायला सारा तालुका पुढे.

पण बाहेरच्यांचं एवढं काय घेऊन बसायचं? खरा काटा घरातच होता.

"गेनबा ठिवा," आनंदराव म्हणाले. "आज्याचं नाव. वैनींच्या बी मनात त्येच हाय. व्हय ना, वैनी?"

अश्विनीच्या सासूबाई, चंद्राबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी मान हलवली.

"गेनबा म्हंजी काय माणूस हुता!" आनंदराव रंगात आले. "घरात नुसता खाकरला तरी चिटपाखरू हलायचं न्हाई. वैनींचा आवाज कंदी उंबऱ्याभाईर आला न्हाई. असं घर पायजे."

भिंतीवरच्या फोटोतून गेनबा बघत होते. झुपकेदार मिशा, फेटा. अश्विनीनं सासऱ्यांना पाहिलं होतं ते एवढंच. लग्नाआधीच ते गेले होते. पण त्या फोटोपुढून जाताना सासूबाई आजही पदर पुढे ओढायच्या. त्याच्यासमोर कधी बसायच्या नाहीत. नवऱ्याचं नाव तर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलंच नव्हतं. तहसील कचेरीत साहेबानं विचारलं तरी त्या सोमनाथकडे बोट दाखवायच्या. अश्विनीला त्या पतिभक्तीचा अगदी वीट आला होता. माणूस जाऊन वर्षं लोटली तरी घरावर हुकूम त्याचाच! आणि आता तिच्या पोराच्या कपाळीही तोच.

आनंदराव गेल्यावर तिनं सोमनाथला गोठ्यात गाठलं.

"अहो, आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं हुतं." सोमनाथ म्हशीपुढं वैरण टाकत राहिला. "पर आईनं उभ्या जन्मात काय मागितलं न्हाई गं. लुगडंसुदिक न्हाई. पयल्यांदा तोंड उघडलं, आन् येवढंच मागितलं."

"मग मी काय मागायचंच न्हाई?"

सोमनाथनं वैरणीची आणखी एक पेंढी सोडली. त्याचं हे नेहमीचंच होतं, इकडं आड तिकडं विहीर, आणि हा मध्ये वैरण टाकत उभा.

बारशाच्या आदल्या दिवशी घरातल्या तिघी घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत बसल्या होत्या. नणंद दिपाली सासरहून आली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून खुशीत होती. अश्विनीनं मनाशी राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता टाकला.

"आई, तुमी तर मामंजींचं नाव घेत न्हाई. मग नातवाला हाक कशी मारणार? बाळा बाळा म्हणता म्हणता त्याचं लग्न व्हायचं."

दिपाली खुदकन हसली. सासूबाईंचा हात सुपातच थांबला. त्यांच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं सांधलेलं होतं. विहिरीवर पाय घसरला होता, असं त्या सांगायच्या.

"त्ये म्या बघीन," त्या म्हणाल्या, आणि हरभऱ्यातला खडा वेचून बाहेर फेकला.

अश्विनीचा पत्ता फुकट गेला.

बारसं झालं. दिपालीनं बाळाच्या कानात "गेनबा" म्हटलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळ्या खिदळल्या. मोबाईलवर फोटो काढताना अश्विनीही हसली, पण आतून नुसती धुमसत होती. पोटावर हात ठेवून ज्या नावानं ती महिनोन्महिने बोलली, ते नाव आता चोरून घ्यायचं की काय? बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. आनंदराव "नाव राखलंसा बगा" म्हणत सोमनाथची पाठ थोपटून गेले. तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज सोक्षमोक्ष लावायचाच. मी स्वरूपच म्हणणार, कुणाला काय करायचं ते करा, असं सासूबाईंच्या तोंडावर सांगायचं.

ती तरातरा बाहेरच्या खोलीच्या दाराशी आली आणि तिथंच थबकली.

सासूबाई फोटोच्या बरोबर समोर भुईवर बसल्या होत्या. पाय लांब सोडून, पायांवर बाळाला घेऊन तेल लावत होत्या. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. तो त्यांनी सावरला नव्हता.

बाळ रडत होतं, हातपाय झाडत होतं. त्याची इवलीशी मूठ वर उसळली आणि खाली वाकलेल्या सासूबाईंच्या गालावर बसली. त्यांनी तोंड मागं घेतलं नाही. वाकड्या मनगटाच्या हातानं ती मूठ अलगद धरली आणि बाळाच्या पोटावर ठेवली. मग उंबऱ्याबाहेर पार अंगणात ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"ह्या घरात आता म्या बोलनार आन् तू ऐकनार. हात खाली घे, गेनबा!"